कापलेलं पान

कॉव्हेंट्रीत भूलतज्ज्ञ असलेल्या डॉक्टर श्रीकांत सबनिसांच्या मुलीने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितांवर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाला फारसा आनंद झाला नव्हता. पण सुलक्षणा हट्टी होती. १९८७च्या सप्टेंबरात ती एडिनबराला गेली ती प्रोफेसर कॅल्डोंच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणूनच.

कॅल्डो म्हणजे त्या विषयातले दादा. सर एडमंड व्हिटलॉ नावाच्या जमीनदाराच्या कवितांवर त्यांनी तरुणपणी पुस्तक लिहिलं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. व्हिटलॉंच्या काळी घरंदाज माणसं कविता छापत नसत. बाजारात विकलं जाणं त्यांना हलकं वाटे. कवितांची वही मित्रांमध्ये, नातलगांमध्ये फिरे आणि ज्याला आवडेल तो उतरवून घेई. व्हिटलॉंची अशीच एक वही शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात होती. तिच्यातली सगळ्यात गाजलेली कविता आईच्या मृत्यूवरची. मरणाऱ्या आईच्या ओठांना मुकुट पेलवला नाही, अशी तिची शेवटची ओळ. ही आई म्हणजे यादवीत सापडलेला देश आणि मुकुट म्हणजे राजसत्ता, असं कॅल्डोंनी चाळीस पानं खर्चून सिद्ध केलं होतं. सुलक्षणाला ते प्रकरण जवळजवळ पाठ होतं.

माणूसही मोठा प्रेमळ. पहिल्या हिवाळ्यात ते जुनं वळणदार अक्षर लागेना, तेव्हा सगळं सोडून घरी परत जावं असं तिच्या मनात आलं होतं. कॅल्डोंनी दर बुधवारी दोन तास तिला शेजारी बसवलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं एकेक अक्षर गिरवून घेतलं.

१९८९च्या मार्चमध्ये वही दुरुस्तीला गेली होती. ग्रंथपाल मिसेस रे यांना आठवलं की, व्हिटलॉ घराण्याने वही ग्रंथालयाला देण्याआधी, १९५८ साली, तिची मायक्रोफिल्म करून ठेवली होती. तळघरातल्या डब्यातून त्यांनी ते रीळ शोधून आणलं. सुलक्षणा मशीनसमोर बसून पानं पुढे सरकवत होती. तिसाव्या पानानंतर एक पान आलं आणि तिचा हात थांबला. हे पान तिने वहीत कधीच पाहिलं नव्हतं. अक्षर वेगळं होतं, बारीक आणि जरा वाकडं. पहिल्या बुधवारपासून शिकलेलं सगळं पणाला लावून तिने ते वाचलं.

‘या वहीतल्या कविता मी, मार्जरीने, केल्या आहेत. भाऊ एडमंडचं अक्षर चांगलं, म्हणून त्याने त्या उतरवल्या. लोकांना त्या त्याच्याच वाटल्या आणि मी वाटू दिल्या. आईच्या कवितेत त्याची एक चूक झाली आहे. शेवटी तिला पावाचा कणही गिळवेना. मी तसंच लिहिलं होतं.’

इंग्रजीत पावाच्या कणाला क्रम म्हणतात. भावाने घाईत त्याचं क्राउन, म्हणजे मुकुट, करून टाकलं होतं. आई ही आईच होती, तिच्या ओठांशी पावाचा कण होता आणि मुकुट कुठेच नव्हता. सुलक्षणाने ते पान शब्दाला शब्द कागदावर उतरवून घेतलं.

तीन आठवड्यांनी वही परत आली. तिने तिसावं पान उलटलं. शिवणीजवळ नखाएवढी कागदाची पट्टी उरली होती, तिची कड फूटपट्टी लावून कापावी तशी सरळ. ब्लेडचं काम होतं. तरीही तिच्या मनात कुणीतरी चोरच आला, जुनी पानं विकणारा. आणि हे पहिल्यांदा सांगायचं कुणाला, तर कॅल्डोंनाच. ती तडक त्यांच्या खोलीवर गेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं, निळी फाइल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आत पातळ पांढऱ्या कागदात ते पान होतं.

“ऑगस्ट १९६२,” ते म्हणाले. “पुस्तक छापायला गेलं होतं. नोकरी त्यावरच ठरणार होती. त्याआधी मी वही दहा वेळा चाळली होती. हे वाकडं अक्षर घरातल्या कुणाची टिपणं समजून मी दर वेळी उलटून जायचो, ते त्या दिवशी नीट वाचलं.”

सुलक्षणाने ते बारीक, वाकडं अक्षर ओळखलं.

“हे तू घेऊन जा,” ते पुढे म्हणाले. “बांधणीत अडकलेलं सापडलं म्हणून सांग. शोध तुझा. तुझं आयुष्य मार्गी लागेल.”

“आणि तुमचं?” तिने विचारलं.

“माझी चूक झाली होती, एवढंच लोक म्हणतील.”

तिने फाइलला हात लावला नाही. “उद्या दहा वाजता मी मिसेस रेंना सांगणार आहे,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

होस्टेलच्या फोनवरून तिने घरी फोन लावला. आईने, शैलाताईंनी, उचलला. सुलक्षणाचं मराठी इंग्लंडमध्येच वाढलेल्या मुलीचं. “आई, सरांनी पान कापला,” ती म्हणाली. “कापलं,” आई सवयीने म्हणाल्या, आणि मग मुलगी रडते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बाबांनी फोन घेतला. त्यांनी तिच्याकडून सगळं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, सरांना रात्रभराचा वेळ दिलास हे बरं केलंस. पण सकाळी ते आले नाहीत तरी तू जा.

कॅल्डो आले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ते तिच्या आधीपासून उभे होते, फाइल कोटाच्या आत धरून. मिसेस रेंच्या टेबलावर त्यांनी पान ठेवलं आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मिसेस रेंनी पान पुढे ओढून घेतलं. त्यांनी या माणसाला सत्तावीस वर्षं त्याच टेबलावरून वह्या काढून दिल्या होत्या.

महिन्याभरात कॅल्डोंनी राजीनामा दिला. सुलक्षणाची पाठ थोपटायला मात्र कुणी आलं नाही. तिला प्रवेश करताना पाहून विभागातल्या कॉफीच्या खोलीत बोलणं थांबे. एका म्हाताऱ्या भल्या माणसाला हिने संपवलं, असं तिच्या मागे म्हणत आणि कधी समोरही. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत वर्ष गेलं. १९९२ साली मार्जरी व्हिटलॉच्या कविता तिच्या स्वतःच्या नावाने पहिल्यांदा छापल्या गेल्या. त्यांचं संपादन सुलक्षणाने केलं होतं.

पुस्तक घेऊन ती कॉव्हेंट्रीला आली तेव्हा बाबांनी विचारलं, आता तरी तो धक्का ओसरला का? ती म्हणाली, ब्लेडचं एक वेळ समजू शकते. माणूस घाबरतो. “पण बाबा, त्या पानावर एक डाग नव्हता. इतकी वर्षं त्यांनी ते किती जपलं होतं, ते मात्र समजत नाही. जाळून टाकलं असतं तर ते कुणी कापलं हे कुणाला कळलंही नसतं.”

बाबांनी पुस्तक उघडलं आणि चष्मा लावून आईवरची कविता वाचायला घेतली.