पानं गेली, फळी उरली

मित्रांनो, आमच्या घरी पाहुणे आले की माझ्यासमोर थबकतात, "वा! काय सुंदर!" म्हणतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्हाला वाटेल, कौतुकाचं कसलं आलंय दुःख? सांगते. मी एक जुनी सागवानी फळी आहे. लांबीला हातभर, रुंदीला चार बोटं आणि अंगभर कोरलेली वेलबुट्टी. अमेरिकेत अ‍ॅशबर्न गावी, शैलेंद्र आणि सुलेखा यांच्या हॉलमध्ये मी टांगलेली असते. पण माझा जन्म भिंतीसाठी झाला नव्हता. मी एका पोथीचं पांघरूण होते.

तंजावरच्या एका सुताराने मला आणि माझ्या बहिणीला घडवलं. आम्हा दोघींच्या मध्ये ताडाच्या पानांची चळत असायची. त्या पानांवर शाई नव्हती. लोखंडी लेखणीने अक्षरं कोरायची आणि तेलात कालवलेली काजळी वरून चोळायची, की ती दिसू लागत. काजळी उडून गेली की पान कोरं भासतं. पिढ्यान् पिढ्या मी त्या पानांच्या अंगाला अंग लावून राहिले, पण त्यात काय लिहिलंय याची कधी चौकशी केली नाही. मला माझ्या वेलबुट्टीचाच तोरा!

शैलेंद्रचे पणजोबा तंजावरला नोकरीला होते. निघताना घरमालकाने त्यांना ही पोथी भेट दिली. पुण्यात आम्ही देवघरात राहिलो. कुणालाच वाचता येईना, म्हणून सगळे नमस्कार करत. दसऱ्याला हळदकुंकू, फूल, अक्षता. त्यातच माझ्या बहिणीला वाळवीने खाल्लं. २००१ साली शैलेंद्र अमेरिकेला निघाला, तेव्हा आईने आम्हाला साड्यांच्या घडीत बांधून दिलं. म्हणाली, "घराण्याची पोथी आहे, सांभाळ हो." इथे स्वयंपाकघरातल्या एका कपाटात देव होते, त्यांच्या शेजारी आमची सोय झाली.

दोन-तीन वर्षांनी, मराठी मंडळाच्या गणपतीत शैलेंद्रला त्र्यंबककाका भेटले. ते मूळचे तंजावरकडचे मराठी, तमिळचे निवृत्त प्राध्यापक, इथे मुलाकडे राहणारे. एक जुनं तमिळ काव्य ते जन्मभर गोळा करत होते. मठांतून, माळ्यांवरून, सापडेल तिथून. दोन भाग मिळाले होते, तिसरा कुठेच नव्हता. तंजावरची पोथी म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

"बघायला येऊ का?"

"अहो काका, विचारता काय? या ना कधीतरी!"

मित्रांनो, हे 'कधीतरी' काही उजाडलंच नाही. कधी शैलेंद्र म्हणे, "काका, या वीकेंडला ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पुढच्या वीकेंडला बघू." कधी लेकीचं, इशिताचं स्विमिंग, कधी बर्फ. काकांना गाडी चालवता येत नव्हती. "बरं बरं, तुमच्या सवडीने," एवढंच ते म्हणायचे.

मग या कुटुंबाने मोठं घर घेतलं. सामान हलवताना आमच्या खोक्यावर दुसरं जड खोकं पडलं. सुलेखाने उघडून पाहिलं तर पानांचे तुकडे.

"अगं बाई!" तिने कपाळाला हात लावला आणि पुण्याला शैलेंद्रच्या आत्याबाईंना फोन केला. आत्याबाई म्हणाल्या, "खंडित पोथी देवघरात ठेवू नये गं. वाहत्या पाण्यात सोड."

"त्या काकांना बघायची होती ना?" शैलेंद्रने विचारलं.

"त्यांना काय हे तुकडे दाखवू? लाज वाटेल मला. म्हणतील, यांना घरची पोथीसुद्धा सांभाळता आली नाही!"

शैलेंद्रला पटलं. मला हातात घेऊन तो म्हणाला, "फळी मात्र मस्त आहे यार. ही वॉलवर लावू." पानं पोटोमॅक नदीत गेली, फुलं वाहून, हात जोडून. मी मागे राहिले. आणि मला बरं वाटलं हो! आपण देखण्या म्हणून वाचलो, याचा आनंद झाला. आज तो आठवला की माझीच मला किळस येते.

वास्तुशांतीला मात्र काकांना दिवस ठरवून बोलावलं. ते आत आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मला खाली काढलं, उलटं केलं. समईची थोडी काजळी मागितली, थेंबभर तेल मागितलं आणि बोटाने माझ्या पाठीवर चोळू लागले. जिथे कधी कुणी पाहिलं नव्हतं, तिथे अक्षरं उमटली. काकांनी ती मोठ्याने वाचली.

"मी शोधतोय त्याच काव्याचं नाव आहे. आणि पुढे लिहिलंय, भाग तिसरा." "पानं कुठे आहेत?"

"काका, तुकडे झाले होते हो," सुलेखा कशीबशी म्हणाली.

"तुकडे जोडता येतात, मुली. मी जन्मभर तेच करत आलो."

शैलेंद्र म्हणाला, "काका, विसर्जन केलं आम्ही."

काका रागावले नाहीत. त्यांनी सुलेखाच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या गावीही असंच करायचे. भक्तीनेच करायचे." मग चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

२००८ साली त्या काव्याचं त्यांचं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर माझा फोटो आहे. मंडळातले लोक येऊन सांगतात, "तुमची फळी फेमस झाली!" सुलेखा मान खाली घालते. मला तर मानही नाही खाली घालायला.

परवा इशिताने ते पुस्तक उघडलं. शेवटी, तिसऱ्या भागाच्या जागी, पानंच्या पानं नुसती टिंबं.

"आई, व्हाय सो मेनी डॉट्स?"

"जे हरवलं, तिथे टिंबं देतात," सुलेखा म्हणाली.

"हू लॉस्ट इट?"

सुलेखाने पुस्तक मिटलं नाही. पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आम्ही."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाला वाचता न येणारं काहीतरी असेल. फाटलेलं असेल, तुटलेलं असेल. लाजू नका. जो वाचू शकतो त्याला बोलवा आणि आहे तसं त्याच्या हातात द्या.