पेरांवरचा हिशोब

"हात वर करा, कडुबा. सबको दिखने दो. आता मोजा," इंद्रजीत सर म्हणाले.

सकाळच्या पाळीची मीटिंग होती. वाळूजच्या त्या कॉइल बनवणाऱ्या कारखान्यात माझे वडील, अण्णा, तपासणीच्या टेबलावर होते. सर तिथले साहेब. अण्णांनी उजवा हात वर केला. अनामिकेला पट्टी होती आणि पट्टीखाली वरचं पेर नव्हतं. करंगळीची तीन पेरं मोजून अंगठा पुढच्या बोटावर आला, दोन पेरं मोजून थांबला.

"किती झाले?"

"पाच, सर."

"आणि पाहिजे होते किती?"

"सहा."

कुणीतरी हसलं. मागच्या रांगेला दिसलं नाही म्हणून सरांनी पुन्हा मोजायला लावलं.

हे मला अण्णांबरोबर काम करणाऱ्या कचरूकाकांनी सांगितलं, अण्णा गेल्यावर. अण्णा घरी याबद्दल कधी बोलले नाहीत.

कॉइलचा इंडक्टन्स हेन्रीत मोजतात. कुणाच्या कागदावर मिलीहेन्री असतं, कुणाच्या मायक्रो, कुणाच्या नॅनो. एकातून दुसऱ्यात जायचं तर दशांशचिन्ह तीन, सहा किंवा नऊ घरं सरकवावं लागतं. अण्णा ते पेरांवर करायचे. एका बोटाला तीन पेरं, म्हणजे तीन घरांना एक बोट, सहाला दोन. टेबलावर कॅलक्युलेटर होता, पण पेरांना सेल लागत नाय, असं ते म्हणत. बाहेरचे पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम अण्णांच्या टेबलाशी आणायचे. हमारा कॉम्प्युटर, असं म्हणायचे. त्या दिवशी अण्णा घरी आले की जेवताना जरा जास्त बोलायचे.

मशीनमध्ये अडकलेली तार सोडवताना त्यांचं पेर गेलं. कारखान्याच्या गेटवर एक पाटी आहे, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारी. अण्णा रजेवर गेले असते तर आकडा पुसून शून्य लिहावं लागलं असतं. म्हणून टाके ओले असतानाच सरांचा फोन आला. घरी झोपायचं ते इथं येऊन बसा, काम काही नाही. आईनं फोन घेऊन सांगितलं की त्यांच्या अंगात ताप आहे.

"मग बरंच आहे, वहिनी," सर म्हणाले. "इथं एसी आहे."

गाडी दाराशी आली आणि अण्णा गेले.

त्याच दिवशी परदेशातल्या एका जुन्या यंत्राच्या कॉइलची ऑर्डर आली. नकाशावर आकडा अॅबहेन्रीत होता. सेंटिमीटर आणि ग्रॅमवर सगळं बेतायचे त्या काळातलं हे माप, आता कुणी वापरत नाही. शंभर कोटी अॅबहेन्री म्हणजे एक हेन्री. सत्तेचाळीस लाख अॅबहेन्रीचे मिलीहेन्री करायचे होते. बसलेच आहात तर हे करा, म्हणून सरांनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. सहा घरं, दोन बोटं. तापातल्या अण्णांनी दोन बोटं मोजली आणि चार पूर्णांक सातऐवजी सत्तेचाळीस लिहिलं. त्या आकड्याला मीटर जुळेपर्यंत तार गुंडाळली गेली. कॉइल जाड झाली, पण माल नवीन होता, कुणाला शंका आली नाही. अण्णांची पट्टी सुटायच्या आत सगळा माल परत आला आणि ती सकाळची मीटिंग झाली.

चूक अण्णांचीच होती. ते स्वतः तसंच म्हणायचे.

टेबल गेलं. त्यांना भंगाराच्या शेडमध्ये पाठवलं आणि पहिलं काम दिलं ते त्याच कॉइलींची तांब्याची तार तोडायचं. आईला ते म्हणत, "नवी ऑर्डर येऊ दे, बोलावतील. टेबल संभाळायला माणूस लागतोच." त्यांनी छावणीच्या बाजारातून कॅलक्युलेटर आणला आणि शर्टाच्या खिशात ठेवून रोज कामावर नेऊ लागले, सरांना दिसावा म्हणून. सरांना तो दिसला. तार तोडायला हा कशाला लागतो, असं त्यांनी विचारलं आणि शेड हसलं.

टेबलावर तीन माणसं बदलली. अण्णांना कुणी बोलावलं नाही. या जानेवारीत ते शेडमध्येच कोसळले. पाटीवरचा आकडा तेव्हाही पुसावा लागला नाही. हृदयविकार अपघातात धरत नाहीत.

जलदान विधी झाल्यावर त्यांचं कपाट रिकामं करायला मी गेले. कचरूकाका बरोबर होते. तपासणी विभागापाशी ते थबकले.

"विशाखा, तिकडून जाऊ, बाई. इकडं ओलं आहे."

फरशी कोरडी होती. मी सरळ गेले. टेबलासमोरच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक मोठा रंगीत फोटो होता. वर केलेला उजवा हात, अनामिकेला पट्टी, अंगठा पेरावर. त्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं, 'हिशोब बोटांवर करू नये.' मनगटाशी शर्टाची बाही दिसत होती. तिचं बटण आईनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलं होतं.

टेबलावरच्या मुलीला मी विचारलं, हा हात कुणाचा.

"माहीत नाय, ताई. मी यायच्या आधीपासनं आहे."

मला तो नेता येईल का, असं विचारल्यावर तिनं कोपऱ्यातला नंबर दाखवला. "कंट्रोल कॉपी आहे. ऑडिटला बघतात. काढता येत नाय."

फोटोखाली भिंतीला टेकून एक बाक होता. शेडची माणसं तिथं डबा खातात. अण्णा कुठं बसायचे, असं मी कचरूकाकांना विचारलं. त्यांनी बाकाच्या मधल्या जागेकडे बघितलं, बरोबर फोटोखाली.

"तिथं बसलं की दिसत नाय ना," ते म्हणाले.

तिथं भिंतीच्या चुन्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग होता.