ओळंबा

बाबांच्या विमानातलं कृत्रिम क्षितिज तिसऱ्यांदा दुरुस्तीसाठी कार्यशाळेतल्या माझ्या टेबलावर आलं.

हे यंत्र म्हणजे डबीत बसवलेली, जोरात फिरणारी भिंगरी. विमान कसंही कललं तरी भिंगरी आपला आस सोडत नाही. त्यामुळे नाक वर आहे की खाली, कोणता पंख झुकलाय, हे काचेवरच्या आडव्या रेघेवरून कळतं. ढगात बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा रेघ बघायची आणि दांडा हलवून विमान सरळ करायचं. बाबांचं म्हणणं, हवा खराब असली की रेघ थरथरते. मी यंत्र सगळ्या बाजूंनी झुकवलं, हादरे दिले. रेघेने दर वेळी बरोबर कल दाखवला. थरथर नाहीच.

"तुमच्या बाबांना नवं विमान हवंय, दुसरं काय," मिस्त्री म्हणाले आणि यंत्र परत बसवायला घेऊन गेले.

बाबा आमच्या उड्डाणशाळेतले सगळ्यात जुने शिक्षक. मुलं पाठीमागे त्यांना गवंड्याचा ओळंबा म्हणत, इतकं त्यांचं विमान सरळ जायचं. हे त्यांना ठाऊक होतं, आवडायचंही. आई गेल्यापासून त्यांना उडण्याशिवाय काही उरलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते घरात नुसते येरझाऱ्या घालत.

दुपारी मला नव्या मुलांना फिरती खुर्ची दाखवायची होती. डोळे बांधून बसवायचं आणि खुर्ची एकाच वेगाने फिरवत ठेवायची. थोड्या वेळाने कानातला, तोल कळवणारा द्रवही तेवढ्याच वेगाने फिरू लागतो आणि आपण थांबलोय असं वाटतं. खुर्ची खरोखर थांबवली, की उलटं फिरल्याचा भास होतो. एकूण एक मुलगा फसला. मग त्यांनी आग्रह करून बाबांना बसवलं. खुर्ची थांबली तशी बाबा म्हणाले, "थांबली."

टाळ्या पडल्या. सरांचे कान लोखंडाचे आहेत, असं कोणीतरी म्हणालं. पण चांगला कान इथे फसलाच पाहिजे. बाबांनी मोटरची घरघर बंद झालेली ऐकली होती. घरातल्या अंधाऱ्या बोळातून ते हल्ली भिंतीला हात लावून चालत, ते आठवलं. मी गुडघ्यांना दोष देत होते.

मुलं गेल्यावर त्यांना पुन्हा बसायला सांगितलं. मला हरवल्याशिवाय तुला चैन पडणार नाही, असं म्हणत ते दाराकडे तोंड करून बसले. मी डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांवर हेडफोन चढवले आणि झटका न देता मुलांच्या वेळेएवढाच वेग दिला; फिरू लागल्याचं त्यांच्यातल्या प्रत्येकाला लगेच कळलं होतं. बाबांचा चेहरा दारासमोरून, खिडकीसमोरून, फळ्यासमोरून जात राहिला. शांत, थोडासा हसरा.

"अगं, सुरू कर ना," हेडफोनमुळे ते जरा मोठ्याने म्हणाले. "मला परत उडायला जायचंय."

मी खुर्ची थांबवली. वाट बघून शेवटी त्यांनीच पट्टी काढली. समोर दार नव्हतं, फळा होता.

ते फळ्याकडे बघत राहिले. हा धडा त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं शिकवला होता, मी काही समजावण्याची गरज नव्हती.

"म्हणजे रेघ थरथरत नव्हती तर," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

डोकं हललं तरी नजर जागेवर धरून ठेवायची, हेही कानाचंच काम. हादऱ्यांत यंत्र स्थिर होतं, नजर सुटत होती.

कानावर मी तसाही कधी विसंबलो नाही, असं ते पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "परत येतात का गं असे कान?"

"सहसा नाही. आणि रेघ वाचता येत नसेल तर... शेजारी कोणाचं तरी पोर बसलेलं असतं, बाबा."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "वरिष्ठांना मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

संध्याकाळी त्यांचं विमान दुसऱ्या शिक्षकांनी नेलं. वारा सुटला होता. आम्ही कार्यशाळेच्या खिडकीत उभे होतो. बाबांनी एका हाताने चौकट धरली होती आणि ते खाली जमिनीकडे बघत होते.

"सरळ जातंय ना?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं. डावा पंख जरा झुकला, मग सावरला.

"सरळ जातंय," मी म्हणाले.