मागचा शाफ्ट

वासुदेव पाध्ये यांचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत होतं, पण त्यांचा कारखाना तिथून बराच लांब, चौकाघाटला. त्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे, तिथे मोटार कुठून येणार? वडील शेवटपर्यंत घाटावर यात्रेकरूंची तर्पणं सांगत राहिले. वासुदेव एकविसाव्या वर्षी फौजेच्या वर्कशॉपमध्ये भरती झाले आणि चौदा वर्षांनी परत आले ते मंत्र विसरून आणि जीप शिकून. लढाईच्या काळातल्या, लिलावात निघालेल्या जीपगाड्या तेव्हा बनारसच्या आसपास बऱ्याच होत्या. कोणाची शिकारीची, कोणाची ठेकेदारीची. त्या बिघडल्या की फिरून फिरून चौकाघाटलाच येत. पाध्येंनी हात लावलेली गाडी वाटेत थांबत नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना स्वतःलाही फार आवडे.

त्यांची धाकटी बहीण पद्मा. तिचे यजमान रत्नाकर सप्रे विश्वविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत. दगडांच्या शोधात त्यांना सारखं चकिया-नौगढच्या जंगलात जावं लागे, म्हणून त्यांनी एक चव्वेचाळीस सालची जीप घेतली होती. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या फाल्गुनात ते ती घेऊन चौकाघाटला आले. हळू चालवली की खालून चिमणी चिवचिवावी तसा आवाज येतो, अशी तक्रार होती.

वासुदेव गाडीखाली गेले, मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून हलवला आणि लगेच बाहेर आले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, गाडी खड्ड्यांतून वरखाली झाली तरी दांडा फिरत राहावा म्हणून. मागच्या धुऱ्याकडचा क्रॉस कोरडा पडला होता. त्याच्या टोकांवरच्या वाट्यांमधल्या बारीक सुयांचा गंजून लाल भुगा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा क्रॉस बसवताना रत्नाकरराव शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांना दुपारच्या आत निघायचं होतं. पद्माही बरोबर जाणार होती. इतकी वर्षं नवऱ्याचं जंगल नुसतं ऐकूनच होती, या खेपेला राजदरीचा धबधबा बघायचा म्हणत होती. वासुदेव काम करता करता सांगत होते आणि सांगण्यात रंगले होते. हजार मैल झाले की ग्रीस भरायचंच. गाडी नाल्याच्या पाण्यातून काढली तर त्याच दिवशी भरायचं. शाफ्टचे दोन भाग जोडताना त्यांच्यावरचे बाण समोरासमोर आले पाहिजेत, नाहीतर गाडी थरथरते आणि महिन्याभरात क्रॉस खाते. वाटी हातोड्याने ठोकायची नाही, आत एक सुई आडवी पडली तर सगळं वाया. मग नदेसरच्या एका मिस्त्रीची गोष्ट निघाली. त्याने बाण न बघता शाफ्ट जोडला होता आणि त्या गाडीचं काय झालं ते वासुदेव अगदी रंगवून सांगू लागले. रत्नाकरराव हसत होते. गोष्ट संपली तेव्हा शाफ्टही चढलेला होता. वासुदेवांनी यू-बोल्ट आवळले, ग्रीस भरलं, हात पुसले. पद्मा रिक्षातून डबा आणि शाल घेऊन आली. दहाच्या सुमाराला जीप गेली.

साडेअकराला वासुदेवांनी टेबल आवरायला घेतलं. रॉकेलच्या थाळीत जुना क्रॉस पडला होता, त्याची दोन जुनी लॉक होती. थाळीजवळचं फडकं उचललं, तर खाली आणखी एक लॉक होतं. नवं, अजून तेल लागलेलं.

क्रॉसच्या चार टोकांना चार वाट्या असतात. दोन यू-बोल्टनी आवळल्या जातात. उरलेल्या दोन शाफ्टच्या कानांमध्ये बसतात आणि त्या बाहेर सरकू नयेत म्हणून प्रत्येकीला तारेचं एक वाटोळं लॉक लावतात. नव्या पाकिटात दोन लॉक होती. एक लागलं होतं. एक त्यांच्या तळहातावर होतं.

वासुदेवांनी थाळीतली जुनी लॉक पुन्हा मोजली. आपण पाकिटातून तीन तर काढली नाहीत ना, असाही एक विचार त्यांनी करून पाहिला. मग नदेसरच्या मिस्त्रीची गोष्ट आठवली, आणि त्या गोष्टीत आपला हात नेमका कुठे थांबला होता तेही आठवलं. सपाट रस्त्यावर ती वाटी तीस-चाळीस मैल तग धरेल, हे त्यांना ठाऊक होतं. चढावर, पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण जोर शाफ्टवर आला की धरणार नाही. आणि चढ चकियाच्या पुढेच होता.

हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून त्यांनी मोटारसायकल काढली. राजघाटच्या दुमजली पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. खालच्या मजल्यावरून मालगाडी चालली होती आणि सगळा पूल थरथरत होता. वासुदेव त्या गाड्यांमधून वाट काढत असताना कोणीतरी त्यांना शिवी दिली, ती त्यांनी ऐकलीही नाही. मुगलसराय मागे पडलं. पुढे दोन्ही बाजूंना पिवळे पडत आलेले गहू, उन्हात निश्चल. समोर आडवी पडलेली जीप दिसेल म्हणून प्रत्येक वळणाला त्यांचा हात ब्रेकवर जाई. रस्ता मोकळा दिसला की बरं वाटायचं आणि लगेच वाटायचं, म्हणजे ते अजून पुढेच चाललेत.

चकियाच्या चौकात चहावाल्याने जीप ओळखली. साहब आणि मेमसाहब इथेच जेवले, म्हणाला, झाडाखाली बसून, वीसेक मिनिटं झाली असतील निघून. वासुदेवांनी आवाजाचं विचारलं. चहावाल्याने जरा आठवून सांगितलं, जाताना नीचे से कुछ टक-टक करत होती.

टक-टक. वाटी सरकू लागली होती.

तिथून पुढे जंगल लागलं. रस्ता कच्चा, लाल मातीचा, आणि त्यावर जीपच्या चाकांचे ताजे ठसे. पहिल्या दोन मैलांत त्यांना काहीच दिसलं नाही. मग मातीवर मधोमध ग्रीसचा एक थेंब, थोड्या अंतरावर आणखी एक. पठाराचा चढ सुरू झाला त्याच्या मैलभर पुढे काहीतरी चमकलं. वासुदेवांनी मोटारसायकल उभी केली. ती वाटीच होती. आतल्या सुया सांडल्या होत्या. त्यांनी ती उचलली. वाटी अजून कोमट होती.

आजूबाजूला एकही पाखरू बोलत नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकू येतो का म्हणून त्यांनी श्वास रोखला. कुठेच इंजिन चालू नव्हतं.

त्यांनी मोटारसायकल वर घेतली. पन्नास-साठ पावलांवर ठसे बिघडले होते. मातीत आधी खोल ओरखडे दिसले, मग ब्रेकच्या तेलाची ओली रेघ. डाव्या हाताला दरी होती. ते पाहिल्यावर वासुदेवांना पुढे बघवेना. वळणावर त्यांनी पाहिलं, तर जीप उजवीकडच्या कातळाला पाठ लावून, मागचं एक चाक चरात घालून, तिरकी उभी होती. तिच्या वरच्या बाजूला चाकांचे ठसे उलट खाली आले होते, एके ठिकाणी दरीच्या काठाला लागून पुन्हा रस्त्यावर.

पद्मा रस्त्यावर बसली होती. डावं मनगट उजव्या हाताने छातीशी धरलेलं. तिच्यापुढे रत्नाकरराव आडवे पडले होते. आदळल्यावर ते बाहेर फेकले गेले होते. पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि त्यावर दाबलेली शालीची घडी रक्ताने भिजली होती. चार लाकूडतोडे आवाज ऐकून आले होते आणि काय करावं ते न कळून उभे होते.

रत्नाकरराव शुद्धीवर होते. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. चढावर खाली घणाचे घाव बसावेत तसे आवाज झाले आणि गाडी मागे जाऊ लागली. ब्रेक दाबला तर पाय तळाला गेला. हँडब्रेक ओढला, तोही रिकामा. शेवटी चाक फिरवून कातळावर घातली. मग त्यांनी वासुदेवांकडे पाहिलं.

"पण दादा, तुम्ही इथे कसे?"

उत्तरं पुष्कळ देता आली असती. काळजी वाटली म्हणून आलो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जुनी गाडी, जंगलाचा रस्ता, कोणी काही विचारलं नसतं.

"माझी चूक झाली," वासुदेव म्हणाले. "एक लॉक लावायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर टेबलावर सापडलं."

रत्नाकररावांनी डोळे मिटून घेतले. पद्मा भावाकडे बघत राहिली.

नौगढहून येणारी बस गेलेली होती. दुसरं वाहन त्या रस्त्याला येण्याची आशा नव्हती, चकियात मोटार मिळेल याचाही भरवसा नव्हता आणि मोटारसायकलवर तो पाय नेता आला नसता. ऊन कलायला अजून दोन तास होते. वासुदेवांनी दोन फांद्या तोडून पायाला बांधल्या, मग गाडीखाली शिरले. शाफ्टचं मागचं टोक सुटून गरगरत फिरलं होतं आणि त्याने ब्रेकची नळी तोडून टाकली होती. हँडब्रेकचं कारण वेगळं. या जीपचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही, तो पुढच्या टोकाला शाफ्टला धरतो. शाफ्ट तुटला की तो कशालाच धरत नाही. मात्र गिअरशेजारची पुढच्या चाकांची दांडी टाकली, तर इंजिन आणि हँडब्रेक दोन्ही पुढच्या चाकांना जोडले जातात. त्यांनी तुटका शाफ्ट सोडवून काढला आणि पुढच्या शाफ्टचा एकेक बोल्ट पान्याने तपासला. नंतर पुन्हा तपासला. मग बाहेर येऊन म्हणाले, "पद्मा, तूही जरा बघ. हे चार बोल्ट. हलतात का सांग."

पद्मा एक हात छातीशी धरून धुळीत वाकली. तिने चारही बोल्ट चाचपून पाहिले. नाही म्हणाली.

लाकूडतोड्यांनी वासे लावून चाक चरातून काढलं. अरुंद रस्त्यावर गाडी खाली तोंड करून वळवायची होती. दर खेपेला ती हातभर पुढे जाई, वासुदेव हँडब्रेक ओढत, कोणीतरी चाकाखाली दगड सरकवी. एका खेपेला पुढचं चाक काठाच्या इतकं जवळ गेलं की माती सुटून खाली गेली आणि बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.

रत्नाकररावांना मागे निजवलं. ते वेदनेने पांढरे पडले होते. आपण इथेच थांबू, कोणाला तरी चकियाला धाडू, असं ते म्हणू लागले. गाडीत बसायला ते घाबरले होते, आणि ते साहजिक होतं.

"पाय काळा पडतोय, अहो," पद्मा म्हणाली. "दादा चालवेल." आणि ती पुढे, भावाशेजारी बसली.

मैलभर उतार होता. पायाचा ब्रेक नव्हता. लहानात लहान गिअरमध्ये जीप माणसाच्या चालीने उतरत होती, इंजिन कण्हत होतं आणि वासुदेवांचा एक हात हँडब्रेकवर होता. ते आवाज ऐकत होते. दगडावर चाक चढलं की खालून एक ठोका येई. एका तीव्र उतारावर गाडी आपल्या अंगाने पळू लागली. त्यांनी हँडब्रेक खेचला, पुढून जळका वास आला, गाडी कुरकुरत सावरली. पद्माची नखं सीटच्या कापडात रुतली होती.

दिवस मावळताना ते चकियाच्या इस्पितळात पोहोचले. रत्नाकररावांचा पाय वाचला, पण इंचभर आखूड झाला. पद्माचं मनगट दीड महिन्यात भरून आलं.

वासुदेवांनी घरी सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांनाही सांगितलं. काही गाड्या त्यानंतर आल्या नाहीत. कारखाना त्यांनी दोन महिने उघडलाच नाही. ज्येष्ठात रत्नाकरराव काठी टेकत आले आणि ट्रकमागे बांधून आणलेली जीप त्यांनी दारात सोडली. वासुदेव म्हणाले, दुसरीकडे न्या. रत्नाकररावांनी ऐकलं नाही. ते म्हणाले की त्या दिवशी खोटं बोलायला तुम्हाला फार सोपं होतं, मला तेवढं पुरतं. वासुदेवांनी पंधरा दिवस घेतले. त्या पंधरा दिवसांत कारखान्यात त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

पद्मा मात्र वर्षभर चौकाघाटला फिरकली नाही. घरी यायची, बोलायची, पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जायची. भाऊबीजेला तिने नेहमीसारखं ओवाळलं, जेवणं झाली. निघताना उंबऱ्याशी ती थांबली.

"दादा, तुझ्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "पण झोपेत मला अजून गाडी मागे जाताना दिसते. तू खाली आणलंस तेही दिसतं. पण ते नंतर दिसतं."

गल्लीच्या टोकाला मैदागिनजवळ रत्नाकररावांचीच जीप उभी होती, तेलपाणी बघायला आणलेली. सोडू का घरी, असं वासुदेवांनी विचारलं.

"नको," पद्मा म्हणाली. "मी रिक्षा करते."

ते तिच्याबरोबर गल्लीतून चालत बाहेर आले आणि रिक्षा बघायला पुढे गेले.