मामाची लाँड्री

माझा मामा तरुणपणी क्लॅरिनेट वाजवायचा. फिरत्या वाद्यवृंदाबरोबर आज या गावी, उद्या त्या गावी. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि आल्या आल्या आईकडे इस्त्री मागायचा. चुरगळलेला शर्ट त्याला खपायचा नाही. वृंदातल्या सगळ्यांचे पोशाखही हौसेनं तोच कडक ठेवायचा.

मग एका कार्यक्रमात स्टेजची फळी मोडली आणि मामा तोंडावर आपटला. पुढचे दात गेले, जबडा सांधावा लागला. नवे दात बसवले, पण क्लॅरिनेट काही तोंडात धरवेना. ‘चावायला दात आहेत, वाजवायला नाहीत,’ असं तो हसत सांगायचा. आई मात्र आत जाऊन डोळे पुसायची.

तो आमच्याच गावात राहिला आणि बाजारातल्या एका अरुंद गाळ्यात त्यानं लाँड्री टाकली. वादकाला कसलं जमतंय, असं म्हणत लोक आधी गंमत बघायला आले. पण जो डाग निघणार नाही, तो निघणार नाही असं मामा तोंडावर सांगायचा आणि कपडा परत द्यायचा. त्याच्या या सरळपणानं गाव त्याचं झालं. पुढे मीही नोकरी सोडून त्याच्या हाताखाली गेले.

एका वर्षी तोच वाद्यवृंद गावात आला. वाटेत ट्रक ओढ्यात कलंडला होता आणि पोशाखांच्या पेट्या भिजून चिंब झाल्या होत्या. संध्याकाळी कार्यक्रम. वृंदप्रमुख हातपाय गाळून दुकानात आले. मामानं जुनं काही काढलं नाही, फक्त बाह्या सरसावल्या. मखमली कोटांवर इस्त्री टेकवायची नाही, आतून वाफ द्यायची, हे मला दाखवत तो दिवसभर उभा राहिला. आईसुद्धा पदर खोचून बटणं लावायला बसली.

शेवटचा कोट घेताना प्रमुख म्हणाले, “परत चल. वाजवू नकोस, नुसती व्यवस्था बघ.”

मामानं इस्त्री बाजूला ठेवली. “तिकडे लोक टाळ्या वाजवून निघून जायचे,” तो म्हणाला. “इथे ते पुन्हा येतात. मला आता हेच आवडतं.”

कार्यक्रमाला मात्र तो गेला. त्याच्या जागी आता एक मुलगी वाजवत होती. ती थांबली तेव्हा पहिली टाळी मामाची होती. मध्यंतरात ती पाया पडायला आली, तर तो म्हणाला, “श्वास घाईत घेतेस. पण सूर माझ्याहून गोड आहे.” असं मनापासून म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिघं चालत परतलो. घराजवळ आल्यावर त्यानं आईला विचारलं, “ताई, भाजी कसली केलीयेस? सडकून भूक लागलीय.”