दारामागचा स्टँड

मी एक स्टँड. ड्रमसेटमधला टॉम माझ्या खांद्यावर बसतो.

ड्रमसेट म्हणजे मोठं खटलंच असतं. आडवा पडून पायाची लाथ खाणारा बास ड्रम, वाजवणाऱ्याच्या मांडीजवळ कडकड बोलणारा स्नेअर, वर चमचमणाऱ्या झांजा. आणि या सगळ्यांत टॉम. गुबगुबीत, खोल आवाजाचा. त्याला स्वतःचे पाय नसतात. बहुतेक घरांत तो बास ड्रमच्या पाठीवर चढून बसतो आणि तिथेच जन्म काढतो. तिथे त्याचं जमत नसेल तरच माझी आठवण होते. तीन पाय, एक दांडा, वर दातेरी सांधा आणि तो आवळायला दोन कानांचा एक नट, एवढाच माझा संसार.

त्यातून मी बुटका. कारखान्यातून निघालो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. दुकानात आल्यावर कळलं. दोनदा विकला गेलो आणि दोनदा परत आलो. "अहो, हा पुरता वरच जात नाही," असं म्हणून गिऱ्हाईक मला काउंटरवर आडवा टाकायचं. नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेल्या पोरासारखा मी खालच्या फळीवर बसायचो. नव्या, उंच स्टँडांकडे मान वर करून बघायचीही लाज वाटायची.

एके दिवशी दुपारी एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, चालण्यात ऐट. पण दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं आणि पिशवीही डाव्याच हातात होती.

"टॉमसाठी वेगळा स्टँड हवाय," त्या म्हणाल्या.

दुकानदार त्यांना ओळखत होता. "तुम्हाला? तुमचा टॉम तर बास ड्रमवर असतो ना?"

"मला नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे. हात पोचत नाही तिचा."

"लहान आहे?"

"हं."

"मग वाढेल की हो! वाढल्यावर काय करणार या स्टँडचं?"

बाई हसल्या. "ही नाही वाढायची."

दुकानदाराने आधी एक पकड दाखवली. झांजेच्या दांड्याला आवळायची आणि तिच्यावर टॉम लटकवायचा. बाईंनी झांजेवर एक टोला दिला, तसा टॉम पाळण्यासारखा डोलू लागला. "हे नको. वाजवायचंय, झोपवायचं नाहीये." मग दोन टॉम पेलणारा दणकट स्टँड आला. त्याचे पाय एवढे फाकलेले, की बाई म्हणाल्या, "याचे पाय इथे आले तर माझं पेडल कुठे ठेवू? डोक्यावर?"

'माझं' हा शब्द निसटला होता. दुकानदाराच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मग त्यांची नजर खाली माझ्याकडे वळली. "आणि तो?"

"तो राहू द्या हो, बुटका आहे. दोनदा परत आलाय."

"काढा तर खरं."

त्यांनी माझ्यावर टॉम चढवून घेतला, स्टूल मागितलं आणि मला उजव्या गुडघ्याजवळ, अगदी खाली लावलं. डोळे मिटून उजव्या हाताने टोला दिला. त्यांचं कोपर बरगडीपासून जरासुद्धा वर उठलं नाही. मग म्हणाल्या, "हाच."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या बुटकेपणासकट निवडलं होतं. केवढा आनंद व्हायला हवा होता! झालाही. पण गाडीत शिरेपर्यंतच. तिथे त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि सीटखाली सरकवलं. आनंदाने घरी न्यायची वस्तू कुणी अशी नेत नाही.

बाईंना सगळे 'वहिनी' म्हणत. त्यांच्या वाद्यवृंदातली गाणारी त्यांची सख्खी नणंद होती. ती वहिनी म्हणे, म्हणून मग गिटारवाल्या काकांपासून सगळेच म्हणू लागले. नणंदेचं लहानपणीचं नाव टिटवी. पाळण्यात असताना अख्खी गल्ली जागी करायची म्हणे. तो आवाज पुढे मोठमोठी सभागृहं भरू लागला, पण वहिनींच्या तोंडी टिटवी ती टिटवीच.

दोघींचं एक गाणं होतं. प्रत्येक कार्यक्रम त्याच गाण्याने संपायचा. शेवटच्या अंतऱ्याआधी टिटवी एक लांब सूर धरायची आणि त्या सुराखालून वहिनींचे टोले एका ड्रमवरून दुसऱ्यावर लोळत, वाढत वर चढायचे. लोक त्यासाठी थांबायचे.

आता वहिनींचा उजवा खांदा आखडला होता. केस विंचरायला हात वर जात नव्हता, म्हणून तर केस कापले. घरी सांगितलं, "उकडतं फार." डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्या न्हाणीघराचं दार लावून करायच्या. याला कारण होतं. त्यांच्याआधी जो माणूस या वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा त्याचे हात थकले, तेव्हा सगळ्यांनी त्याला गोड बोलून घरी बसवलं होतं. त्याच्या जागी आल्या त्या वहिनी. त्याला निरोपाचा हार त्यांनीच घातला होता.

सरावाची खोली घरामागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, कोपऱ्यात मोडका पंखा. वहिनी एकट्या असल्या की मला काढायच्या. मग काय वाजवायच्या! खाली, हाताशी आलेला टॉम त्यांच्या स्टिकखाली मांजरासारखा गुरगुरायचा. पण फाटक वाजलं की वाजवणं थांबायचं. टॉम परत बास ड्रमवर चढायचा, माझे पाय मिटायचे आणि मी दारामागे. वर एक जुना कोट टांगलेला.

मग सराव सुरू व्हायचा आणि वहिनी टॉम टाळून वाजवायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कमी वाजवलं की गाणं खुलतं." ते शेवटचं गाणं मात्र टॉमशिवाय होणारच नव्हतं. म्हणून त्या ते पुढे ढकलत राहिल्या. आज उशीर झाला, उद्या बघू, त्यापेक्षा ते दुसरं घेऊ.

एका सरावानंतर बाकीचे गेले, टिटवी मागे राहिली.

"वहिनी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"ते गाणं तू टाळतेयस. माझा सूर पडतो म्हणून ना?"

मी दारामागे होतो. कोटाची बाही तोंडावर आली होती. वहिनी आता हसतील, म्हणतील, 'वेडी आहेस का, माझा खांदा गेलाय', असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "पण... जरा विश्रांती दे त्या गाण्याला."

टिटवीने मान हलवली. "कळलं," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

लोखंडाला घाम फुटत नाही. पण त्या दिवशी मला तिथून पळून जावंसं वाटलं. तीन पाय असून उपयोग काय! बुटकेपणाची लाज मी फळीवर बसून सोसली होती. ही लाज वेगळी होती. मी या दारामागे उभा होतो आणि माझ्यामुळे एक धडधाकट गळा स्वतःला आजारी समजू लागला होता.

त्यानंतर टिटवी सरावाला यायची ती गळ्याला मफलर गुंडाळून. बाटलीत कोमट पाणी. बोलायची कमी, गायची त्याहून कमी. जिथे तिचा आवाज आपोआप चढायचा तिथेही ती घाबरून खाली यायची. आणि मग खरोखरच सूर पडू लागला. वहिनी झांजांकडे बघत बसायच्या.

शेवटी एकदा सगळे असताना टिटवी म्हणाली, "रविवारचा कार्यक्रम झाला की दुसरी कुणी गाणारी बघा. लोकांनी उठवायच्या आत आपणच उठलेलं बरं."

काका म्हणाले, "काय अभद्र बोलतेस!" सगळे गेल्यावर वहिनींनी मला कोटाखालून काढलं. त्यांनी वाजवलं नाही. माझे पाय उघडले, ओढणीने धूळ पुसली आणि किती तरी वेळ माझ्या दांड्याला धरून बसून राहिल्या.

रविवारी सभागृहात सर्वांत आधी मंचावर गेलो तो मी. दिवे लागलेले, माणसं वायरी ओढतायत, आणि भर मंचावर मी तीन पायांवर उभा.

"हे कुठलं बाळ?" काकांनी विचारलं.

"माझं," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यात टिटवी आली.

"टिटवे, माझा खांदा आखडलाय. हात वर जात नाही. म्हणून मी ते गाणं टाळत होते. तुझ्या सुराला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

टिटवीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. ती धावत येऊन गळ्यात पडेल असं मला वाटत होतं. ती जागची हलली नाही.

"रोज सकाळी आरशासमोर आ वासून उभी राहायचे मी, वहिनी. घशात काय झालंय ते बघायला. आणि तू गप्प राहिलीस?"

"मला वाटलं, मला काढतील."

"म्हणून मला जाऊ देत होतीस?"

वहिनींनी मान खाली घातली. टिटवीने मफलर काढून खुर्चीवर फेकला आणि ती आवाज तपासायला माईककडे गेली.

कार्यक्रमाच्या शेवटी ते गाणं झालं. टिटवीने सूर धरला, आणि काय सांगू, रागाने तो आणखी धारदार झाला होता. खालून वहिनींचे टोले चढू लागले. आणि नेमकं तेव्हाच मी दगा दिला. वहिनींच्या दुबळ्या हाताने नट पुरता आवळला गेला नव्हता. सांधा घसरला, टॉम पुढे कलू लागला. प्रत्येक टोल्याला आणखी खाली. मी दात रोवून धरत होतो, पण सुटत होतो. इतक्या माणसांसमोर!

सूर संपला. पुढे फक्त गिटार होती. टिटवी माईक सोडून मागे आली, माझ्याजवळ वाकली आणि तिने नट करकचून पिळला.

"दुखतंय?" तिने वर न बघता विचारलं.

"हो."

"दुखू दे," ती म्हणाली आणि परत जाऊन शेवटचा अंतरा गायली.

टिटवी वाद्यवृंद सोडून गेली नाही. वहिनींनाही कुणी काढलं नाही. डॉक्टर म्हणतात, खांदा सैल व्हायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण होणारही नाही. मी आता सरावाच्या खोलीत मधोमध असतो. दोघी पूर्वीसारख्या हसतात, पण पूर्वीइतक्या नाही.

कार्यक्रमाआधी माझा नट टिटवीच आवळते. गरजेपेक्षा जास्त आवळते. सांध्याचे दाते एकमेकांत रुततात, वरचं रबर चेपून जातं. त्या पिळण्यात अजून राग आहे, हे मला कळतं. वहिनींनाही कळत असावं, कारण त्या कधी 'पुरे' म्हणत नाहीत.

मी तक्रार करत नाही. तुमच्या घरी दारामागे काही उभं करून ठेवलं असेल, तर माझी एवढीच विनंती आहे, की ते आजच बाहेर काढा. कुणीतरी आरशासमोर आ वासून उभं असेल.