खडूच्या भिंती

ताई नगरसेविका झाल्या, पण शिलाई मशीन त्यांनी विकले नाही. त्यावर फायली ठेवायला सुरुवात केली, एवढेच. त्याआधी त्या वस्तीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवत असत. त्यामुळे कुणी गाऱ्हाणे घेऊन आले, तरी ताईंची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाई आणि मग तोंडाकडे.

सरकार या भागात एक सेवा केंद्र बांधणार होते. त्यात दवाखान्याची खोली, वाचनालय, मुलांसाठी अभ्यासिका आणि एक हॉल असणार होता. केंद्र मात्र एकच होते आणि मागणाऱ्या वस्त्या दोन, ताईंची आणि नाल्यापलीकडची. साहेब येऊन दोन्ही जागा बघणार आणि जिथे गरज जास्त तिथे केंद्र देणार, असे ठरले होते.

ताई भाषणात चारही खोल्यांबद्दल बोलत. मनातून त्यांना हवी होती ती दवाखान्याची, दार लागणारी खोली. त्याचे कारण त्यांच्या घरातच होते.

सासूबाई काहीतरी लपवत होत्या. फिरायला जाणे त्यांनी बंद केले होते आणि जिन्यात मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळत उभ्या राहत. विचारले की म्हणत, "मला काय धाड भरलीय?" वस्तीत आठवड्यातून एकदा नर्सबाई येत, पण त्या बसत सलूनमध्ये, पडद्याआड. पडद्याच्या अलीकडे तोंडाला साबण लावलेली गिऱ्हाइके. आतले बोलणे जरा हळू झाले, की सलूनवाले काका कात्री थांबवत, कारण कात्रीच्या आवाजात नीट ऐकू येत नसे. सासूबाई आत जात, "बरी आहे" असे सांगत आणि बाहेर येत.

"आई, निदान तिला तरी खरं सांगा ना," ताई म्हणत.

"सांगते की. म्हणजे संध्याकाळी भाजीवाली मला विचारेल, आता कसं वाटतंय म्हणून."

सरकारी इंजिनिअरने केंद्राचा नकाशा पाठवला, तेव्हा ताईंनी तो मशीनवर पसरला, आडवा-उभा बघितला आणि घडी घालून ठेवला.

"कागदावर काय कळणार?" त्या म्हणाल्या. "कपडा कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून बघतो ना आपण? मग शिवतो. ही तर इमारत आहे. उसवता कशी येणार?"

दुसऱ्या दिवशी त्या टेप आणि खडू घेऊन रिकाम्या सिमेंटच्या पटांगणात गेल्या आणि अख्खे केंद्र त्यांनी जमिनीवर आखले, खऱ्या मापाचे. भिंतींच्या रेघा आणि जिथे दार तिथे रेघ तोडलेली. मग वस्तीला बोलावणे धाडले, या आणि घालून बघा.

लोक आले आणि त्यांनी इमारत घालून बघितली. एकाला हॉल काखेत आवळला. निवृत्त पोस्टमास्तरांना वाचनालयात खिडकी हवी होती. सासूबाई दवाखान्याच्या दारातून जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे दार कुणाच्या मापाचं? तुझ्या?" ताईंनी निमूटपणे खडू घेतला आणि दार सैल केले.

गंमत अशी झाली, की माप देऊन झाल्यावरही लोक घरी जाईनात. पोस्टमास्तरांनी वाचनालयात खुर्ची आणून टाकली आणि वर्तमानपत्र उघडले. त्यांच्या मागून आणखी खुर्च्या आल्या. मुले अभ्यासिकेत वह्या घेऊन बसली. सलूनला रंग द्यायचा होता, म्हणून नर्सबाईही आपला वजनकाटा आणि औषधांची पेटी घेऊन दवाखान्याच्या चौकोनात आल्या आणि तिथेच राहिल्या. बाहेर रेघेला लागून एक बाक ठेवला गेला. भिंतीवरून कुणी पाय टाकला, तर मुले त्याला परत पाठवत. "काका, दारातून या."

ताई हे सगळे कौतुकाने बघत. साहेब आले की त्यांना किती छान दिसेल, असे त्यांना वाटे.

साहेब आले आणि सरळ भिंतीतून आत घुसले.

"अहो साहेब, दार तिकडे आहे," अभ्यासिकेतून एक मुलगी म्हणाली.

साहेबांनी खाली पाहिले, ड्रायव्हरकडे पाहिले आणि मुकाट्याने वळसा घालून दारातून आले. त्यांनी सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या. मग ताईंना म्हणाले, "छान चाललंय की इथे. वाचनालय चालू, दवाखाना चालू. पलीकडे मी आत्ताच जाऊन आलो, तिथे काहीच नाही. मग गरज जास्त कुणाला?"

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. आपली कच्ची शिलाई इतकी नीट बसली, की गिऱ्हाईक तीच घालून निघाले होते. त्या काही बोलणार, तोवर साहेब सावली बघून बाकावर टेकले होते.

"पुढचे या," नर्सबाई म्हणाल्या.

"मी? नाही, मी तपासणीला आलोय."

"तपासतेच आहे. बाकावर बसलात ना? बाह्या वर करा."

साहेबांनी बाही वर केली. असा सूर ऐकला, की मोठमोठी माणसे करतात. दंडाला पट्टा आवळत नर्सबाईंनी विचारले, "झोप लागते?"

"लागते."

"गाडीत लागते," ड्रायव्हर लांबून म्हणाला. "घरी लागत नाही म्हणतात."

वाचनालयात पान उलटण्याचा आवाज थांबला.

"लघवीला रात्री उठावं लागतं का?"

वर्तमानपत्रे हळूहळू खाली आली. अभ्यासिकेतल्या पाठांतराने दम खाल्ला. साहेबांचे कान लाल झाले.

"मी बरा आहे," ते म्हणाले.

बाकावर शेजारीच सासूबाई आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीही हेच सांगते."

"मग तुम्ही बऱ्या आहात ना आजी?" साहेबांनी विचारले.

सासूबाईंनी पदर नीट केला आणि वाचनालयाकडे एकदा पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या महिन्यांत हा शब्द ताईंनी पहिल्यांदा ऐकला. त्यांना काय होतेय ते विचारायचे होते, पण सगळी वस्ती कान देऊन बसली होती, म्हणून त्यांनी ओठ मिटले.

साहेबांनी बाही खाली केली. मग म्हणाले, "इथे भिंत पाहिजे."

"आहे ना," पोस्टमास्तर म्हणाले. "तुमच्या पायाखाली."

कुणीतरी फिसकन हसले. साहेब हसले नाहीत. ते उठले, नर्सबाईंशी हलकेच काही बोलले आणि दोघे गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरला खाली उतरवले. काचा वर झाल्या. वस्तीने ओठांवरून काही कळतेय का ते बघितले, पण साहेब तोंडावर हात धरून बोलत होते. बराच वेळ बोलत होते.

खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती आणि चेहरा हलका झाला होता.

"केंद्र इथेच बांधू," ते ताईंना म्हणाले. "पण नाल्याच्या बाजूनेही एक दार ठेवा, पलीकडचे लोक येतील. आणि दवाखान्याची भिंत विटांची हवी, पत्र्याचं पार्टिशन चालणार नाही."

"दार?" सासूबाईंनी विचारले.

"आतून कडी लागणारं, आजी."

इमारत उभी राहायला सरकारी वेळ लागला. मधल्या काळात सासूबाईंना ताईंनी दोनदा मोठ्या दवाखान्यात न्यायचा प्रयत्न केला, पण त्या बधल्या नाहीत. त्या आपल्या खोलीची वाट बघत होत्या. शेवटी नर्सबाई रंगाचा वास अजून गेला नसलेल्या खोलीत बसल्या, त्या दिवशी सासूबाई रांगेत पहिल्या होत्या. त्या आत गेल्या. दार लागले. कडी सरकली.

बाहेर बाकावर ताई, पोस्टमास्तर, भाजीवाली आणि सलूनवाले काका बसले होते. काकांनी मान जरा भिंतीकडे कलती केली.

"काही ऐकू येत नाही हो," ते खंतावून म्हणाले.

ताईंनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. आत पुष्कळ वेळ बोलणे चालले असणार, कारण दार उघडायला फार उशीर झाला.

सासूबाई बाहेर आल्या त्या चिठ्ठी मुठीत घेऊन.

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारले.

"महिनाभर औषध घ्यायचं, मग बरं वाटेल म्हणाली."

"पण झालंय काय? आणा, मी येताना औषध घेऊन येते."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या आणि औषधांच्या दुकानाकडे एकट्याच निघाल्या, जिन्यात थांबायच्या तशा मध्येच एकदा थांबत.